डेकवरच्या तलावाची बॅच

रत्नागिरीत भाट्याच्या पुळणीवर संध्याकाळी उतरलं, तर पाण्यात कोणी जायचं आणि कोणी नाही हे वयावर ठरत नाही. भरती-ओहोटी बघायची, पावसाळ्यात लांब राहायचं, एवढंच. दोन वर्षांचं पोर आणि सत्तरीतले आजोबा एकाच लाटेत पाय भिजवतात आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही, कारण समुद्र सगळ्यांना पुरून उरतो. वाटपाचा प्रश्न उभा राहतो तो याच समुद्रावरून मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझ जहाजाच्या वरच्या डेकवर. तिथे चारी बाजूंना अथांग पाणी असतं आणि पोहायला मिळतं ते एखाद्या दिवाणखान्याएवढं. मग त्या दिवाणखान्याच्या कडेला पाटी लागते : फक्त प्रौढांसाठी. ही पाटी दिसली की पालकांचा एक वर्ग चिडतो, दुसरा सुटकेचा श्वास सोडतो, आणि दोघांनाही आपलीच बाजू इतकी उघड वाटते की ती पाटी नेमकी कशासाठी आहे हे कोणी विचारत नाही. ते विचारलं, तर पाटीच्या बाजूने एक चांगलं कारण निघतं आणि तीन लंगडी.

कोकणच्या माणसाला बोट नवी नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड करत रत्नागिरीला यायची, पुढे विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजी गाठायची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही वाहतूक थांबली, तरी ‘बोट लागणे’ हा शब्द अजून आपल्या तोंडात आहे. त्या बोटीवर विभागणी होती, पण ती तिकिटाची : वरचा डेक आणि खालचा डेक. वयाप्रमाणे जागा वाटण्याचं तिथे काही कारणच नव्हतं. मूल आईच्या मांडीवर किंवा गाठोड्याला टेकून झोपलेलं असायचं. मौजेखातर बोटीवर चढणं ही आपल्याकडची अगदी अलीकडची गोष्ट. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा धावू लागली, एप्रिल २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली; दोन्ही फार टिकल्या नाहीत. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागली. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, आधी अमेरिकेतून बहामाच्या तीन-चार दिवसांच्या फेऱ्या करणारं. त्याचं आकारमान साधारण ४८,५०० टन. जानेवारी २०२४ मध्ये निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ जवळजवळ २,४८,७०० टनांचं, म्हणजे पाचपट. त्यावर सात पोहण्याचे तलाव आहेत, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी ‘सर्फसाइड’ नावाचा अख्खा भाग आहे आणि प्रौढांसाठी ‘हाइडअवे’ हा वेगळा, उंचावर टांगल्यासारखा तलाव आहे. सात तलावांच्या जहाजावर एक प्रौढांना दिला तर कुणाचं काय जातं? खरी अडचण लहान आणि जुन्या जहाजांवर येते, आणि आपल्या किनाऱ्यावर फिरणारी जहाजं तशीच आहेत.

लहान जहाजावर आणखी एक तलाव बांधून का टाकत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर पाण्याच्या वजनात आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा बेताचा तलाव घेतला तर त्यात ७५ घनमीटर पाणी मावतं, म्हणजे ७५ टन. समुद्राचं खारं पाणी भरलं तर आणखी दोन टन जास्त. जांभ्या दगडांनी भरलेले सात-आठ दहाटनी ट्रक इमारतीच्या गच्चीवर उभे करण्यासारखं हे आहे, आणि ही इमारत डुलणारी आहे. वजन जितकं वर, तितका जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कललेलं जहाज सावरायला तितका वेळ लागतो. त्यात पाणी म्हणजे दगड नव्हे. ते जागचं हलतं. परातीत पाणी घेऊन घरभर चालून पाहावं : परात जरा कलली की पाणी खालच्या बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. जहाज बांधणारे या गोष्टीला फार जपतात. म्हणून तलाव आटोपशीर ठेवतात, त्याला उंच कड करतात, समुद्र खवळला की पाणी काढून वर जाळी ओढतात. थोडक्यात, जहाजावर पोहण्याचं पाणी कमी असतं ते कंपनी कंजूष असते म्हणूनच नव्हे, तर ते जास्त असूच शकत नाही म्हणून. आणि जी गोष्ट वाढवता येत नाही, ती वाटावी लागते.

आता पाटीची कारणं. सगळ्यात आधी सांगितलं जातं ते स्वच्छतेचं. ते खोटं नाही. तलावाच्या लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम क्लोरिन असेल तर ई. कोलाय हा जंतू मिनिटाच्या आत मरतो, काविळीच्या ‘अ’ विषाणूला साधारण सोळा मिनिटं लागतात, जिआर्डियाला पाऊण तास. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, त्याला तेवढ्याच क्लोरिनमध्ये १५,३०० मिनिटं लागतात. हिशेब केला तर दहा दिवसांहून जास्त. तोवर मुंबई-गोव्याच्या कितीतरी फेऱ्या होतात. हा परजीवी पसरतो विष्ठेतून, आणि डायपर, अगदी पोहण्यासाठी म्हणून मिळतो तोसुद्धा, जुलाब थोपवू शकत नाही. म्हणून अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांना तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या जहाज-स्वच्छता कार्यक्रमाचा नियम पाळावा लागतो : शी-शू सांगता न येणारी मुलं सार्वजनिक तलावात नकोत, त्यांच्यासाठी मुद्दाम बांधलेली वेगळी सोय असेल तरच त्यांना पाण्यात सोडायचं. नियम चोख आहे. पण तो कुणाला बाहेर ठेवतो ते बघा : दोन-अडीच वर्षांच्या मुलाला. आठ वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा त्यात बसत नाहीत. उलट पोट बिघडलेले चाळिशीचे गृहस्थ प्रौढांच्या तलावात बिनदिक्कत उतरतात आणि त्यांना कोणतीही पाटी अडवत नाही.

दुसरं कारण बुडण्याचं. हे जास्त गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली, आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात उंचावून हाका मारत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की आवाज फुटायला हवाच उरत नाही. दहा फुटांवर खुर्चीत बसलेल्या, मोबाइलवर नजर असलेल्या माणसाला ते कळत नाही. जहाजावरच्या बऱ्याच तलावांना उथळ टोक नसतं, शिडीवरून उतरलं की थेट मोठ्यांच्या छातीएवढं पाणी. तरीही कित्येक वर्षं बहुतेक जहाजांवर ‘स्वतःच्या जबाबदारीवर पोहा’ एवढी पाटी लावून कंपन्या मोकळ्या होत होत्या. रॉयल कॅरिबियनसारख्या बड्या कंपनीने आपल्या जहाजांवर जीवरक्षक नेमले ते २०१७ साली. आपल्याकडच्या रिसॉर्टांत आजही तलावाशेजारी एक ओळ हमखास सापडते : ‘लहान मुलांची जबाबदारी पालकांची राहील.’ ही ओळ रंगवायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात सुरक्षितता विकत मिळत नाही. मुद्दा असा की, मुलांना एका तलावातून बाहेर काढलं म्हणून ती सुरक्षित होत नाहीत. ती शेजारच्या, जास्त गर्दीच्या तलावात जातात, आणि गर्दीत बुडणारं मूल आणखी दिसेनासं होतं. सुरक्षिततेला जीवरक्षक हवा, उथळ कड हवी, पाण्यात हाताच्या अंतरावर पालक हवा. गरम पाण्याच्या जकुझीचं तेवढं वेगळं. ते पाणी ४० अंशांपर्यंत तापलेलं असतं, लहान शरीर फार लवकर तापतं, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना तिथे नेऊच नये असा वैद्यकीय सल्ला आहे. तिथे बंदी रास्तच.

म्हणजे स्वच्छता तीन वर्षांच्या आतबाहेरची रेघ ओढते, गरम पाणी पाच वर्षांची, खोली पोहता येणारे आणि न येणारे यांच्यामधली. यातलं एकही कारण अठरा वर्षांपाशी येऊन थांबत नाही. आणि कंपन्यांचंही एकमत कुठे आहे? रॉयल कॅरिबियनच्या सोलॅरियममध्ये सोळाव्या वर्षी प्रवेश मिळतो, डिस्नेच्या ‘क्वाएट कोव्ह’मध्ये अठराव्या, कार्निव्हलच्या ‘सेरेनिटी’मध्ये एकविसाव्या. सतरा वर्षांचा मुलगा एका जहाजावर प्रौढ, दुसऱ्यावर बाळ. आपण हसायला नको. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, गोव्यात एकवीस पुरतात, आणि मतदानाला दोन्हीकडे अठरा. प्रौढपण ही निसर्गाने आखलेली रेघ नव्हेच, ती सोयीची आहे. मग सोय कसली? शांततेची. पाटीमागचं खरं कारण एवढंच आहे, की काही माणसांना तासभर कुणी शेजारी धपकन उडी न मारता पाण्यात पडून राहायचं असतं. मला हे कारण मुळीच क्षुल्लक वाटत नाही. वाचनालयात आपण शांतता मागतो, गाण्याच्या बैठकीत मागतो. पाण्याकाठी मागितली तर तो माणूस मुलांचा द्वेष करतो असं होत नाही. मुलांच्याच जिवावर उभी असलेली डिस्ने कंपनी १९९८ साली पहिलं जहाज काढताना मुलांचा, कुटुंबांचा आणि प्रौढांचा असे तीन निराळे तलाव आखते, यातच काय ते आलं. ज्यांचा धंदा लहान मुलांशी आहे, त्यांना मोठ्यांचा थकवा जास्त कळतो. फक्त कंपन्यांनी कारण शांततेचं असताना सुरक्षिततेची ढाल पुढे करू नये. सुरक्षिततेची मागणी सगळ्यांना मुकाट मान्य करावी लागते. शांततेची मागणी म्हणजे एका माणसाच्या आवडीने दुसऱ्याच्या आवडीला ‘जरा सरक’ म्हणणं. तिला वाटा मिळावा, मक्ता नको.

यावर एक आक्षेप महाराष्ट्रात तरी घेतला जाणारच, आणि तो घेतला जावा. पाण्यापासून कुणाला तरी दूर ठेवण्याचा इतिहास आपल्याकडे सुखाचा नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. मुंबईच्या ब्रीच कँडीतला मोठा तलाव अखंड हिंदुस्थानच्या नकाशाच्या आकाराचा आहे, आणि त्या हिंदुस्थानात स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं हिंदी माणसाला उतरता येत नव्हतं. आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं आणि उपाहारगृहं यांच्या जोडीला विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्द मुद्दाम लिहिले आहेत ते या जखमेमुळे. मग वयाची पाटी ही त्याच पाट्यांची धाकटी बहीण नव्हे का? नव्हे, असं मला वाटतं, आणि त्याची कारणं दोन. त्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांची नावं आहेत, वयाचं नाही; उलट स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतूद करायला तोच अनुच्छेद मोकळीक देतो. आणि जात जन्मभर चिकटते, बालपण सरतं. आज बाहेर असलेला प्रत्येक जण उद्या आत येणार आहे, आज आत असलेला प्रत्येक जण काल बाहेर होता. जिच्यातून सगळेच जातात ती पायरी कुणाला कायमचं हलकं ठरवत नाही.

तरीही एवढ्याने सुटत नाही. ‘मोठा झालास की तुलाही मिळेल’ हे उत्तर आठ वर्षांच्या मुलाला देणं सोपं आहे, पण त्याची सुट्टी आत्ता आहे. बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्र करारात एकतिसावं कलम विश्रांतीचं आणि खेळाचं आहे, आणि भारताने तो करार डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला आहे. करार कुठल्या डेकवरच्या तलावाची हमी देत नाही हे खरं. पण खेळ ही मुलांना उरलंसुरलं द्यायची वस्तू नाही, एवढं तरी त्यातून निघतं. प्रत्यक्षात होतं उलट. सावली, चांगल्या आरामखुर्च्या, पुढचा समुद्र दिसणारी बाजू, हे सगळं प्रौढांच्या कोपऱ्याला; आणि मुलांना चिमणीशेजारचा, दुपारी पाय भाजणारा तुकडा. त्यात प्रिन्सेस कंपनीच्या ‘सँक्चुअरी’सारख्या काही जागांना प्रवेशासाठी वेगळे पैसे पडतात. तिथे तर वय हे नुसतं निमित्त उरतं. ती आगबोटीच्या वरच्या डेकचीच गोष्ट आहे, फक्त आगबोटवाले तिकिटाला तिकीट म्हणायचे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा : आपल्याकडे आजी-आजोबा, आई-बाबा, नातवंडं असं अख्खं घर सहलीला निघतं, हवेत कशाला पाश्चात्त्यांचे हे चोचले? ब्रिटनमध्ये पी अँड ओची ‘आर्केडिया’ आणि ‘अरोरा’ ही अख्खी जहाजंच प्रौढांसाठी राखलेली आहेत. तसं जहाज मुंबईहून सोडलं तर अर्धं रिकामं जाईल, हे मीही मान्य करतो. पण घर एकत्र निघतं म्हणून घरातल्या सगळ्यांना सारखी विश्रांती मिळते, असं समजण्यात एक ठराविक माणूस नजरेआड होतो. जहाजांवरचे मुलांचे क्लब साधारणपणे तीन वर्षांपुढच्यांना घेतात. त्याखालचं मूल कुणाच्या कडेवर असतं? शांत तलावाकडे वडील पोचतात, काका पोचतात. आई पोचते ती मूल झोपलं तर, आणि आजी बहुधा पोचतच नाही. म्हणजे मुलांना सांभाळायची सोय न करता प्रौढांचा तलाव उघडणं हे घरातल्या पुरुषांना दिलेलं बक्षीस ठरतं. यातून ‘तलाव नको’ असं निघत नाही. निघतं ते असं, की तो ज्या तासाला उघडा असेल त्या तासाला मुलांकडे बघणारं कुणीतरी पगारी माणूस हवं.

आणि ‘त्या तासाला’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण एकुलत्या एका तलावाच्या जहाजावर भिंत घालता येत नाही, घड्याळ लावता येतं. ही युक्ती परदेशातून आणायला नको. आपल्या गावोगावच्या जलतरण तलावांवर ती पिढ्यान्पिढ्या चालू आहे, तिला आपण ‘बॅच’ म्हणतो. पाऊण तासाची बॅच, शिकाऊंची वेगळी, महिलांची वेगळी, पोहणाऱ्यांची वेगळी. टोपी आणि नायलॉनचा पोशाख सगळ्यांना सक्तीचा. शिट्टी वाजली की काठावर. महिलांची बॅच म्हणजे पुरुषांवर अन्याय असं कुणी म्हणत नाही, कारण पुढची बॅच त्यांचीच असते. पाणी तेच, मालकी फिरती. जहाजावर या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. प्रौढांच्या कोपऱ्याच्या फाटकाशी टॉवेल घेऊन उभा असलेला मुलगा सहा-आठ महिन्यांच्या करारावर आलेला असतो. ‘आमचा अगदी शांत बसतो हो’ म्हणत पाच वर्षांचं पोर पुढे सारणाऱ्या पाहुण्याशी त्याने वाद घालायचा कसा? फाटकाशी नियम मोडला की तो माणसाने माणसाचा केलेला अपमान होतो. घड्याळाला मात्र कुणी ‘तुमच्या मॅनेजरला बोलवा’ म्हणत नाही.

बॅचमध्ये लबाडी करता येतेच. मुलांना दुपारी बारा ते तीन देऊन टाकायचे आणि समान वाटप झालं म्हणायचं, ही अगदी संभाव्य लबाडी. मुंबईहून संध्याकाळी निघालेल्या दोन-तीन रात्रींच्या जहाजावर उन्हं कलल्यानंतरचे चार ते सात हे तास सोन्याचे असतात. ते मुलांचेच हवेत, जीवरक्षकासह. सकाळी नऊ ते अकरा पुन्हा मुलं. मधले तास सगळ्यांचे. प्रौढांना रात्री नऊनंतरचा वेळ द्यावा असं सहज सुचतं, पण बारच्या शेजारी, अंधारात, पेल्यासकट पाण्यात उतरलेली मोठी माणसं हा जीवरक्षकाच्या दृष्टीने मुलांपेक्षा सोपा विषय नाही. सतराशे साठ नियम मुलांना लावणाऱ्यांनी हा एक मोठ्यांना लावावा : रात्रीच्या बॅचमध्ये काठावर पेला नाही. माझ्या मते त्यांचा खरा वेळ पहाटेचा, सहा ते साडेआठ.

रत्नागिरीत भगवती बंदरावर क्रूझ टर्मिनल उभारायची सरकारची योजना आहे. तिथे जी जहाजं लागतील ती ‘आयकॉन’एवढी नसणार, एका तलावाची, तीन पिढ्यांनी भरलेली असणार. सहाच्या बॅचला मुलं अजून केबिनमध्ये झोपलेली असतील, त्यांच्यापाशी आज आजीऐवजी त्यांचे वडील असतील. डेकवर रात्रीचं दव असेल, उजेड अजून सह्याद्रीच्या मागे असेल. साठीची एक बाई, जन्म समुद्राकाठी जाऊनही पोहायला कधी न शिकलेली, गुडघ्यापर्यंतच्या नायलॉनच्या पोशाखात शिडीचा दांडा घट्ट धरून एकेक पायरी उतरेल, छातीएवढ्या पाण्यात उभी राहील, आणि बराच वेळ तिच्या शेजारी कुणी उडी मारणार नाही.